टाचा थंड करणारी माणसं

काजवालीला रिकामं बसलेलं माणूस खपत नसे. तिच्या लेखी रिकामी माणसं दोनच प्रकारची, एक मेलेली आणि दुसरी आळशी, आणि त्यातल्या पहिल्यांना निदान सबब तरी असते. ती स्वतः बावन्न वर्षं काजं करत आली होती. शर्टांचं काम मशीननं कधीच खाल्लं, पण तळमजल्यावरचा टेलर वकिलांचे काळे कोट शिवायचा, आणि कोटाचं काज हातचंच हवं म्हणणारी चार खवचट गिऱ्हाइकं अजून जिवंत होती. त्यांच्या जिवावर आठवड्याला दोन कोट तिच्याकडे वर यायचे. काळ्या कापडावर काळा दोरा. सत्तरीच्या डोळ्यांना तो दिसत नाही, बोटांनाच लागतो.

त्या दिवशी मात्र कोट मांडीवर नुसता पडून होता. खडूच्या चार खुणा करून झाल्या होत्या. दोऱ्याला मेण लावून झालं होतं, पुन्हा एकदा लावून झालं होतं. कापायला काही हात धजत नव्हता. सगळं लक्ष खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवलेल्या फोनात.

तिकडे, विमानानं जायला अख्खा दिवस लागतो तिथे, तिची लेक ऑपरेशनला आत गेली होती.

लेक गेली त्याला वीस वर्षं झाली. जाताना काजवालीनं तिला बजावलं होतं, "जा. मी वाट बघत बसणारी बाई नाही." लेकीनं ते खरं मानलं, हाच काय तो तिचा दोष. तेव्हापासून दर रविवारी दहा मिनिटांचा फोन. तब्येत, हवा, गुडघे. या रविवारी गुडघे झाल्यावर लेक म्हणाली, "आई, एक छोटंसं ऑपरेशन आहे गं पोटाचं. दोन तासांचं काम."

"छोटं असतं तर तू मला सांगितलंच नसतंस."

मग, "पिल्लू कळवेल तुला," म्हणून लेकीनं फोन ठेवला.

पिल्लू म्हणजे नात. एकोणीस वर्षांची, जन्मापासून तिकडचीच. बाप होता तोवर होता, आता त्याचं दुसरं घर होतं, तेव्हा आईपाशी थांबायला ही एकटीच. तिला मराठीतले तीन शब्द यायचे, आजी, आई आणि पुरे. काजवालीला इंग्रजीतले त्याहून कमी. दोघींच्या मध्ये फोनातला दुभाष्या बसलेला. नात इंग्रजीत लिहायची, तो त्याचं मराठी करून दाखवायचा. काजवाली फोनापाशी तोंड नेऊन मराठीत बोलायची, ते तिकडे इंग्रजी होऊन उतरायचं. चौथीपर्यंतच्या शाळेच्या जोरावर तिला अक्षर लावून वाचता येत होतं, आणि दुभाष्याची वाकडी वाक्यं सरळ करून घ्यायचीही सवय झाली होती. मागे एकदा "मी एक थंडी पकडली आहे" असं आलं, तेव्हा पोरीला सर्दी झालीय हे तिनं तेव्हाच ओळखलं. "अस्तर बाहेर आलं म्हणून कोट कळत नाही होय?" असं टेलरलाही ऐकवून झालं होतं.

सकाळी पहिला निरोप आला तो सरळच होता. "आजी, आईला आत नेले. ते म्हणाले दोन तास."

दोन तास झाले. तीन झाले. काजवालीनं जेवायला बसून ताट तसंच झाकून ठेवलं. चौथा तास उलटला तेव्हा तिला राहवेना. फोन उचलून ती त्यात ओरडली, कारण लांबच्या माणसाशी मोठ्यानं बोलायचं असतं.

"काय गं, काय चाललंय तिथे?"

उत्तर लगेच आलं. तिनं एकेक अक्षर लावलं.

"काही नाही आजी. मी फक्त वेळ मारून नेत आहे."

काजवालीनं ते दोनदा वाचलं आणि तिच्या कानशिलांत आग उतरली.

वेळ मारून नेणारी माणसं तिनं आयुष्यभर पाहिली होती. कोट कापलेलासुद्धा नसताना "बस्स, बटणंच लावायची राहिलीत साहेब" म्हणणारा हा खालचा टेलर. नोकरी सुटून तीन महिने झाले तरी रोज डबा घेऊन बाहेर पडणारा तिचा स्वतःचा नवरा. काहीतरी झाकायचं असतं, समोरच्याला गप्प करायचं असतं, तेव्हा माणूस वेळ मारून नेतो. आणि या कार्टीचं धाडस बघा, वेळ मारून नेतेय आणि वर तोंडानं सांगतेय!

"कोणाची वेळ मारून नेतेस?" ती फोनात म्हणाली. "मला खरं काय ते सांग."

"खरेच सांगते," उत्तर आलं. "कोणी काही सांगत नाही. आम्ही इथे टाचा थंड करत बसलो आहोत."

काजवालीच्या हातातला फोन जड झाला.

नवऱ्याच्या वेळी तीच पायथ्याशी बसली होती. डॉक्टरांना कळण्याआधी तिला कळलं होतं. आधी टाचा गार पडल्या. तिनं त्या दोन्ही हातांत धरून चोळल्या, पदरात गुंडाळल्या, तरी गारवा वरवर सरकत गेला. टाचा थंड पडणं म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. "करत बसलो आहोत" हा दुभाष्याचा नेहमीचा वाकडेपणा. सरळ करून घेतलं की उरतं ते एकच. लेकीच्या टाचा थंड पडल्यात, ते सगळे तिच्याभोवती बसलेत, आणि ही पोर आजीला तास-तासभर झुलवत ठेवतेय.

ती रडली नाही. तिला आधी राग येतो, रडू मागाहून, कधीकधी वर्षभरानं. तिनं फोन तोंडाशी धरला आणि शब्द चावून चावून बोलली.

"खोटारडे. तुझी आई मेली का, ते एका शब्दात सांग. माझ्याशी खोटं बोलायला तुला कोणी शिकवलं?"

निरोप गेला. पोचला. वाचला गेल्याची निळी खूणही आली. मग काहीच नाही. काजवाली खुणेकडे बघत राहिली. खाली टेलरची मशीन धडधडून थांबली. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. मग फोन थरथरला.

"तू असे का म्हणालीस? तुला कोणी सांगितले?"

म्हणजे खरंच. सांगण्यासारखं आहे म्हणूनच तर कोणी सांगितलं ते विचारतेय.

तिनं पुन्हा विचारलं. उत्तर नाही. "अगं बोल," ती म्हणाली. उत्तर नाही. तिनं फोन लावून पाहिला, तर नुसतीच पीं पीं. मांडीवरचा कोट खाली घसरला तो तिनं उचललाही नाही, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

आता हे इंग्रजी मुळातून वाचणारा कोणीतरी हवा होता. इमारतीत तसा एकच माणूस, आणि त्याच्याशी ती आठ वर्षं बोलत नव्हती.

तो तिच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचा, एकटा. एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्यानं चाळीस वर्षं प्रुफं तपासली होती. काजवाली त्याला चुकाबघे म्हणायची. आठ वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या हातानं एक पाटी रंगवून जिन्यात लावली होती, "इथे काज करुन मिळेल". दुसऱ्या दिवशी पाहते तर "रु"चा ऱ्हस्व उकार लाल पेनानं खोडून त्यावर दीर्घ काढलेला, वर समासात टिकलीएवढी खूण. खाली सही नव्हती, पण लाल पेन बाळगणारे असे कितीजण असतात? तिनं पाटी काढून माळ्यावर टाकली. तेव्हापासून जिन्यात तो दिसला की तिची मान आखडायची.

गुडघे सांभाळत ती एक जिना उतरली आणि त्याच्या दारावर थाप मारली.

दार लगेच उघडलं. बनियनवर घातलेला सदरा, बटणं वरखाली लागलेली.

"बाई? तुम्ही?"

"आधी बटणं नीट लावा, मग हे वाचा," काजवालीनं फोन पुढे केला. "माझी लेक गेली की आहे ते सांगा. वेळ मारून नेऊ नका."

त्यानं बटणं तशीच ठेवली. तिला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेवर बसला, चष्मा बदलला. फोनावर कुठेतरी बोट दाबल्याबरोबर मराठी नाहीसं होऊन मूळ इंग्रजी वर आलं. तो ओठ हलवत वाचू लागला. काजवाली त्याच्या ओठांकडे बघत होती.

"इथं तर काहीच नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे लेकीबद्दल काहीच नाही. हे बघा, किलिंग टाइम. वेळ घालवतेय म्हणते. काही काम नाही, नुसती बसलीये."

"मग 'मारून नेतेय' कुठून आलं?"

"इंग्रजीत वेळ जिवे मारतात. फोनाला वाटलं आपल्याकडे मारून नेतात तेच हे."

"आणि टाचा? टाचा कोणाच्या थंड पडल्या?"

"हिच्याच. म्हणजे पडल्या नाहीत. कूलिंग अवर हील्स. ताटकळत बसलोय, एवढाच अर्थ. कोणी बोलावत नाही, कोणी काही सांगत नाही. चालून चालून घोड्याचे खूर तापायचे म्हणे, मग थांबला की गार व्हायचे. त्यावरनं आलं असावं."

काजवालीनं श्वास सोडला. इतका मोठा, की समोरच्या टेबलावरचा कागद हलला.

"पोरगी ताटकळलीय तर मध्ये घोडा कशाला घालायचा?"

"तशी बोलीच आहे त्यांची."

"अजून आहेत का असले?"

"पुष्कळ आहेत." चुकाबघेला बऱ्याच दिवसांनी कोणीतरी काही विचारलं असावं. तो पुढे सरकला. "काम नसलं की अंगठ्याभोवती अंगठा फिरवत बसतात. भिंतीवरचा रंग वाळताना बघत बसतात. सैल टोकापाशी असतात."

"कसल्या टोकापाशी?"

"दोरीच्या असेल. कुठेच न बांधलेल्या."

"रिकामं बसायला एवढे शब्द! कामधंद्याला लावा म्हणावं त्यांना कोणीतरी." ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांच्या कडा पुसल्या, घाम आल्यासारख्या. "आपण आपल्या माश्या मारतो. एका शब्दात काम होतं."

"दोन शब्द झाले बाई."

"चुका काढल्याशिवाय जेवण पचत नाही का हो तुम्हाला?"

तो हसला, आणि पुन्हा फोनाकडे वळला. आता तिनं पाठवलेले निरोप वाचत होता. वाचता वाचता त्याचे ओठ थांबले. वर जाऊन त्यानं तेच पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही पाठवलंत?"

"काय?"

"हे. खोटारडे. तुझी आई मेली का."

"मी बोलले तसं थोडंच गेलं असेल," काजवाली घाईनं म्हणाली. "तो दुभाष्या काहीच्या बाही करतो. तिकडे काय पोचलं असेल देव जाणे. थंडी पकडली म्हणतो मेला."

चुकाबघेनं चष्मा काढला.

"नाही बाई. यात एकही चूक नाही."

चाळीस वर्षं ज्यानं लोकांच्या चुका शोधल्या त्याचा तो शब्द होता. खालून कुठूनतरी बादली सरकवल्याचा आवाज आला.

"तिनं शेवटी विचारलंय ना, तुला कोणी सांगितलं?" तो हळू म्हणाला. "तिला वाटलंय तुम्हाला काहीतरी कळलंय. दवाखान्यानं परस्पर घरी कळवलं, आणि दारात बसलेल्या तिलाच कोणी सांगितलं नाही. तासभर झाला या निरोपाला."

तासभर. एकोणीस वर्षांची पोर, अनोळखी बाकावर, बंद दारासमोर, आई मेल्याचं आजीकडून ऐकून.

"तुम्ही फोन लावा," काजवाली उठून उभी राहिली. "तुम्हाला इंग्रजी येतं. सांगा तिला."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला बोलता येत नाही बाई."

"चाळीस वर्षं इंग्रजी पेपरात होतात ना?"

"वाचत होतो. बोलायला कोण होतं तिथे? तळघरात मी आणि दिवा." मग म्हणाला, "लिहून देतो. बिनचूक लिहीन. तुम्ही सांगा, काय लिहू?"

नवऱ्याला, लेकीला, सासूला, टेलरला, आजवर कोणालाच तिनं जे म्हटलं नव्हतं ते या बटणं वरखाली लावलेल्या माणसासमोर म्हणायचं होतं.

"लिहा. मला कोणी काही सांगितलेलं नाही."

त्यानं लिहिलं.

"लिहा, तुझं बोलणं मला उलटं कळलं."

त्यानं लिहिलं, आणि थांबला.

"लिहा... आजी चुकली."

"कोण?"

"आजी! चुकली म्हणते ना! एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही का? आणि 'चुकली' नीट लिहा, तुमच्याकडे उकार दीर्घ असेल तर दीर्घ."

"इंग्रजीत उकार नसतो," तो पुटपुटला आणि लिहून मोकळा झाला.

निरोप गेला. दोघंही त्याच्याकडे बघत बसली. रंग वाळताना बघणं म्हणजे काय, ते काजवालीला आता कळलं. मग फोन वाजला. लिहिलेलं नाही, वाजला. नातीचा चेहरा नाही, नुसता आवाज.

"आजी?"

"हो गं. मी. मीच."

पलीकडे पोरगी रडायला लागली. हुंदक्यांच्या मध्ये इंग्रजी, भराभर, धावत सुटलेलं. काजवालीनं चुकाबघेकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, एवढ्या वेगाचं त्यालाही पकडता येत नव्हतं. तो उठला, स्वतःच्याच घराबाहेर गॅलरीत गेला आणि दार लोटून घेतलं.

"हो," काजवाली म्हणत राहिली. "हो गं बाळ. हो." कशाला हो, ते तिला ठाऊक नव्हतं. हळूहळू हुंदके थांबले. मग दोघींकडेही शब्द उरले नाहीत. पोरीचे तीन केव्हाच संपले होते.

पण फोन कोणीच ठेवला नाही. काजवालीनं तो कानाला घट्ट धरला. तिकडचं सगळं ऐकू येत होतं. चाकं असलेलं काहीतरी दुरून आलं आणि दूर गेलं. कोणीतरी खोकलं. यंत्रातून डबा पडावा तसा धप्प आवाज झाला. नातीचा श्वास, नाक चोंदलेला. वीस वर्षांत लेकीच्या गावचा एवढा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. दहा मिनिटांत तब्येत, हवा, गुडघे, त्यात गावाला जागाच कुठे होती? ती डोळे मिटून ऐकत बसली. हात मांडीवर. किती वेळ गेला, तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही.

मग एक दार उघडल्याचा आवाज आला.

पावलं. एका बाईचा आवाज, सावकाश, पुन्हा पुन्हा समजावल्यासारखा. नातीचं विचारणं. पुन्हा तो आवाज. काजवाली एकेक शब्द पकडू पाहत होती आणि एकही हाताला लागत नव्हता. बाईच्या सुरावरून काही कळेल म्हणावं, तर सूरही परका. नात पुन्हा रडायला लागली, आणि हे रडणं कुठल्या जातीचं, ते रडण्यावरून कळत नव्हतं. काजवालीनं खुर्चीचा हात आवळून धरला.

"अगं काय? काय म्हणाली ती? पिल्ला!"

"आजी." नाक ओढलं गेलं. पोर शब्द शोधत होती. "आजी, आई... ओके. आई ओके."

"ओके?"

"ओके, आजी! आई ओके!"

आणि ती पळाली. बुटांचा आवाज, दाराचा आवाज, मग फोन बंद. अर्थात. आई शुद्धीवर येत असताना कोण कानाला फोन लावून बसेल? काजवाली स्वतः असती तर तिनं फोन भिंतीवर आपटून धाव घेतली असती. हे तिला पटत होतं, आणि तरी ती बराच वेळ बंद फोन कानाशी धरून परक्या माणसाच्या खुर्चीत बसून राहिली. लेकीच्या पायथ्याशी कोण असेल? तिच्या पायांवर पांघरूण नीट घातलं असेल ना कोणी? ते विचारायला तिच्याकडे भाषा नव्हती, आणि दुभाष्यावर आता भरवसा नव्हता.

शेवटी ती उठली, दार ओढलं. चुकाबघे गॅलरीत कठड्याशी उभा होता, पाठमोरा. आता बटणं नीट लावलेली होती.

"बरी आहे," ती म्हणाली.

"बरं झालं." तो वळला. "बसा की जरा. ती पुन्हा कळवेलच. चहा टाकतो."

"कळवेल तेव्हा कळवेल. माझ्या घरी बसेन मी." दोन पायऱ्या चढून ती थांबली, वळली नाही. "तुमचं ते लिहिणं चांगलं झालं."

जिना तिला चढताना नेहमीपेक्षा लांब वाटला. खोलीत जेवणाचं ताट तसंच झाकलेलं होतं. तिनं जमिनीवरचा कोट उचलला, झटकला, खुणा अजून दिसतायत का पाहिलं आणि घडी करून बाजूला ठेवला. आज काज कापायचं नाही. फोन पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला आणि त्याच्यासमोर बसली. बाहेर ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकत होतं.

खालच्या मजल्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तोही बसला असावा, कारण त्यानंतर कुठूनच काही आवाज आला नाही.